व्याध जवळ, अगस्त्य दूर: हे कळते कशावरून?

माघात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, की रात्रीच्या आकाशातले सर्वांत तेजस्वी दोन तारे एकाच वेळी दिसतात. वर व्याध, आणि त्याच्या जवळजवळ सरळ खाली अगस्त्य. पुण्या-मुंबईहून अगस्त्य क्षितिजापासून जेमतेम अठरा-एकोणीस अंश वर येतो, विदर्भातून आणखी थोडा खाली दिसतो. तेजात व्याधाचा क्रमांक पहिला आणि अगस्त्याचा दुसरा. व्याध अगस्त्याच्या साधारण दुप्पट तेजस्वी भासतो. त्यावरून कोणीही असाच अंदाज करील, की व्याध थोडा जवळ असावा आणि अगस्त्य थोडा लांब. प्रत्यक्षात व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षांवर आहे आणि अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर, म्हणजे छत्तीस पट दूर.

असे आकडे वर्तमानपत्रांत, पाठ्यपुस्तकांत, तारांगणातल्या कार्यक्रमांत सतत कानांवर पडतात. ते ऐकून मनात येणारी शंका अगदी रास्त आहे: तिथे कोणी गेले नाही, कोणी मापनपट्टी लावली नाही, मग हे ठरवले कोणी आणि कशाच्या आधारावर? या शंकेला ‘शास्त्रज्ञांनी मोजले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. माझ्या मते या आकड्यांवर विश्वास ठेवण्याचे कारण एखादी अचूक पद्धत हे नव्हे. अंतरांची ही साखळी शाळेतल्या त्रिकोणाच्या भूमितीपासून सुरू होते आणि पुढच्या प्रत्येक कडीला दुसऱ्या, स्वतंत्र मोजणीसमोर उभे राहावे लागते, हे ते कारण आहे. काही वेळा एखादी कडी या तपासणीत नापास झाली आहे. ती उदाहरणे झाकण्याजोगी नाहीत, उलट तीच नीट पाहायला हवीत.

तेज का फसवते?

ताऱ्यातून निघालेला प्रकाश सर्व दिशांना सारखा पसरतो. काही काळाने तो एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर विखुरलेला असतो. अंतर दुप्पट झाले की त्या गोलाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि आपल्या डोळ्याच्या वाट्याला येणारा प्रकाश एक चतुर्थांश उरतो. अंतर दहापट झाले तर शंभरावा हिस्सा. हा नियम पक्का आहे. अडचण अशी, की ताऱ्याचे दिसणारे तेज दोन गोष्टींवर अवलंबून असते: तो मुळात किती प्रकाश ओकतो आणि तो किती दूर आहे. समीकरण एक आणि अज्ञात राशी दोन, त्यामुळे नुसत्या तेजावरून अंतर काढता येत नाही. अगस्त्य छत्तीस पट दूर असूनही व्याधाच्या निम्मे तेज दाखवतो. याचा अर्थ तो मुळातच व्याधाच्या साडेसहाशे पट प्रकाशमान असला पाहिजे. व्याध स्वतः सूर्याच्या सुमारे पंचवीस पट आहे. पण हा हिशोब अंतर कळल्यानंतरचा झाला.

दिसणारे तेज तरी नेमके मोजता येत होते का? प्राचीन ग्रीकांनी ताऱ्यांच्या सहा प्रती केल्या होत्या, सर्वांत तेजस्वी ते पहिल्या प्रतीचे आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे ते सहाव्या. नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ मध्ये याला गणिती रूप दिले: पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या बरोबर शंभर पट तेजस्वी धरायचा. हेच पॉग्सन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले आणि १८९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच होते. जगभर आजही हीच मोजपट्टी वापरतात. तेजाची मोजणी अशी पक्की झाली, तरी अंतर त्यातून निघत नाही. त्यासाठी तेजाचा आधार न घेणारी वाट हवी.

दोन डोळ्यांमधले अंतर वाढवले तर

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. हात कितीही स्थिर असला तरी दोरा सुईच्या पुढे किंवा मागे जातो. दोन्ही डोळे उघडे असले की प्रत्येक डोळा सुई किंचित वेगळ्या दिशेला पाहतो आणि त्या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटर अंतर असते, ते सुईसाठी पुरते. दूरच्या डोंगरासाठी पुरत नाही, कारण तिथे दोन दिशांमधला फरक जाणवण्याइतका उरत नाही. ताऱ्यांसाठी हवेत एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर दूर असलेले दोन डोळे.

असे डोळे आपल्याला फुकट मिळाले आहेत. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. आज आपण कक्षेच्या एका टोकाला असलो, तर सहा महिन्यांनी त्या जागेपासून सुमारे ३० कोटी किलोमीटरवर असतो. दोन्ही वेळी एकाच ताऱ्याची दिशा मोजली, की जवळचा तारा खूप दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. पाया माहीत, कोन माहीत, मग त्रिकोणाची उंची शाळेतल्या भूमितीने निघते. इथे ताऱ्याचे तेज, रंग, वय यांपैकी काहीही गृहीत धरावे लागत नाही. पुढच्या बहुतेक पद्धती शेवटी याच पायावर उभ्या आहेत.

टायकोचा सबळ आक्षेप

पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वी फिरत असेल तर ताऱ्यांचा पराशय दिसलाच पाहिजे, हे त्या काळच्या जाणकारांना लगेच कळले होते. दुर्बिणीपूर्व काळातला सर्वांत काटेकोर निरीक्षक टायको ब्राहे याने तो शोधला. त्याची अचूकता एका कलेच्या, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाच्या आसपास होती. त्याला पराशय दिसला नाही. त्याचा युक्तिवाद असा: एकतर पृथ्वी स्थिर आहे, किंवा तारे शनीच्याही शेकडो पट पलीकडे आहेत. आणि तारे ठिपक्यांसारखे नसून छोट्या चकत्यांसारखे दिसत असल्याने, इतक्या लांबून तेवढे दिसायला ते सूर्यापेक्षा अवाढव्य असायला हवेत. हे त्याला अशक्य वाटले, म्हणून पृथ्वी स्थिर.

टायकोला प्रतिगामी ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. हाती असलेल्या पुराव्यावरून त्याचा तर्क चोख होता. चूक होती ती चकत्यांत. ताऱ्याची ती चकती वातावरण आणि आपला डोळा मिळून तयार करतात, ती ताऱ्याची खरी रुंदी नसते. तारे खरोखरच त्याच्या कल्पनेपेक्षा कितीतरी दूर होते.

जेम्स ब्रॅडली यांनी १७२० च्या दशकात दुर्बिणीने कालेय तारकासमूहातला एक तारा वर्षभर न्याहाळला. तारा सरकला, तोही चांगला वीस विकला. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. पराशय सापडला असे जाहीर करण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण सरकण्याची दिशा पराशयाच्या हिशोबापेक्षा तीन महिने चुकत होती आणि वेगवेगळे तारे त्याच प्रमाणात सरकत होते, मग ते जवळचे असोत वा दूरचे. प्रकाशाचा वेग आणि पृथ्वीचा वेग यांच्या मेळातून हा परिणाम होतो, हे ब्रॅडली यांनी ओळखले. पृथ्वी फिरते याचा तो पहिला थेट पुरावा ठरला. अंतर मात्र हाती लागले नाही.

बेसेलचा मंद तारा

पुढची शंभर वर्षे वाट पाहावी लागली. फ्रीडरिश बेसेल यांनी १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय जाहीर केला. हा तारा डोळ्यांना कसाबसा दिसतो. मग अभिजित किंवा व्याध सोडून हाच का निवडला? कारण आकाशात स्वतःच्या गतीने सरकण्यात तो फार वेगवान होता, वर्षाला पाच विकलांहून अधिक. जवळची वस्तू झपाट्याने सरकलेली दिसते, म्हणून हा तारा जवळचा असावा, असा त्यांचा कयास होता. तेजाकडे दुर्लक्ष करण्याचा हा निर्णय मला त्या शोधातला सर्वांत सुज्ञ भाग वाटतो.

त्यांच्या दुर्बिणीचे भिंग मधोमध कापलेले होते. दोन अर्धुके एकमेकांवरून सरकवून त्या ताऱ्याची प्रतिमा शेजारच्या मंद ताऱ्याच्या प्रतिमेवर आणायची आणि त्यासाठी स्क्रू किती फिरवावा लागला ते वाचायचे. कोन आला सुमारे एक तृतीयांश विकला. पूर्ण चंद्राच्या रुंदीचे सहा हजार भाग केले तर त्यातला साधारण एक भाग. आजच्या मोजणीनुसार हा तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे, बेसेल यांचे उत्तर त्यापासून दहा टक्क्यांच्या आसपास चुकले होते. त्याच सुमारास विल्हेल्म स्ट्रूव्ह यांनी अभिजितचा आणि थॉमस हेंडरसन यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून मित्र ताऱ्याचा पराशय काढला.

इथे एक आक्षेप येतो: तारा स्वतःच हलत असेल, तर त्याचे सरकणे पृथ्वीच्या फिरण्यामुळे आहे हे कशावरून? ताऱ्याची स्वतःची गती सरळ रेषेत चालू राहते. पराशय मात्र बरोबर एका वर्षाने मूळ जागी येतो. दोन्ही मिळून आकाशात नागमोडी रेघ उमटते आणि त्यातून सरळ भाग वजा करता येतो. शिवाय सूर्याच्या वार्षिक मार्गालगतचा तारा नुसता मागेपुढे होताना दिसला पाहिजे आणि त्या मार्गापासून नव्वद अंश दूर असलेल्या ताऱ्याने जवळजवळ वर्तुळ काढले पाहिजे. प्रत्येक ताऱ्याच्या वळणाचा आकार आधीच सांगता येतो, आणि तो तसाच मिळतो.

पाया किती लांब?

त्रिकोण सोडवायला पाया किलोमीटरमध्ये माहीत हवा. केप्लरच्या नियमांनी ग्रहांच्या अंतरांची एकमेकांशी असलेली गुणोत्तरे मिळाली होती, खरी लांबी मात्र नव्हती. शुक्र सूर्यबिंबावरून जातो ती वेळ पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांवरून टिपली तर पृथ्वी ते सूर्य हे अंतर काढता येईल, असे एडमंड हॅली यांनी सुचवले. १७६१ आणि १७६९ च्या अधिक्रमणांसाठी निरीक्षक जगभर पांगले. फ्रान्सचा ल जांतील पुदुच्चेरीला निघाला होता, पण युद्धामुळे ते शहर इंग्रजांच्या हाती गेले आणि पहिले अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून पाहावे लागले, जिथे मोजणी निरुपयोगी होती. आठ वर्षे थांबून त्याने पुदुच्चेरीत वेधशाळा उभारली, तर दुसऱ्या अधिक्रमणाच्या सकाळी आकाशात ढग आले. मायदेशी पोहोचल्यावर त्याला कळले, की तो मेला असे धरून त्याच्या मालमत्तेची व्यवस्था सुरू झाली आहे. इतरांच्या नोंदींवरून मात्र सूर्याचे अंतर सुमारे १५.३ कोटी किलोमीटर निघाले. १९६१ मध्ये शुक्रावर रडारचे तरंग सोडून परतीचा वेळ मोजला गेला आणि हा प्रश्न निकाली निघाला.

> चौकट: तीन एकके
> पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक, सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर. प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष, सुमारे ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, काळाचे नव्हे. ज्या ताऱ्याचा पराशय बरोबर एक विकला भरेल तो एक पार्सेकवर, म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षांवर. सूर्याखेरीज कोणताही तारा इतका जवळ नाही.

भूमिती कुठे थकते?

अगस्त्याचा पराशय विकलेच्या जेमतेम शंभराव्या भागाएवढा आहे. जमिनीवरून पाहताना हवेच्या थरथरण्यामुळे ताऱ्याची प्रतिमा याहून कितीतरी जास्त पसरते. म्हणूनच हिप्पार्कस या युरोपीय उपग्रहाआधी अगस्त्याच्या अंतराचे अंदाज शंभरपासून बाराशे प्रकाशवर्षांपर्यंत भरकटत होते. १९८९ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाने वातावरणाबाहेरून एक लाखाहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले. डिसेंबर २०१३ मध्ये गेलेल्या गाइया यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची नोंद केली.

तरीही काही तारे दाद देत नाहीत. मृगातला तांबूस काक्षी घ्या. त्याचे अंतर आजही पाचशे ते सातशे प्रकाशवर्षे असे ढोबळच सांगावे लागते. पराशय म्हणजे एका खगोलीय एककाने ताऱ्याच्या अंतरावर केलेला कोन. काक्षी इतका फुगलेला आहे, की त्याचा व्यास अनेक खगोलीय एकके भरतो. म्हणून त्याची चकतीच त्याच्या पराशयाच्या कित्येक पट रुंद आहे. शिवाय तिच्यावरचे उजळ-काळे पट्टे जागा बदलतात, त्यामुळे प्रकाशाचा मध्यबिंदूच हलत राहतो.

स्पंदणारे तारे

दुसऱ्या दीर्घिकांपर्यंत जायचे तर पुन्हा तेजाकडेच वळावे लागते, पण या वेळी असे तारे शोधायचे ज्यांचे मूळ तेज दुसऱ्या कशावरून तरी कळेल. वृषपर्वा तारकासमूहातला डेल्टा हा तारा ५.३७ दिवसांच्या ठराविक लयीत उजळतो आणि मंदावतो, हे जॉन गुडरिक यांनी १७८४ मध्ये नोंदले. अशा ताऱ्यांना त्या समूहाच्या पाश्चात्त्य नावावरून सेफिड म्हणतात. आपला ध्रुवताराही सेफिड आहे, त्याची लय सुमारे चार दिवसांची.

या ताऱ्यांच्या बाह्य भागात हेलियमचा एक थर असतो. तारा आकुंचन पावला की तो थर तापतो, हेलियमचे उरलेले इलेक्ट्रॉनही सुटतात आणि तो अधिक अपारदर्शक होतो. आतून येणारी उष्णता अडते, दाब वाढतो, तारा फुगतो. फुगल्यावर थर थंड होतो, पारदर्शक होतो, अडलेली उष्णता निसटते आणि तारा पुन्हा आत कोसळतो. अधिक प्रकाशमान सेफिड अधिक मोठे आणि विरळ असतात, म्हणून त्यांची लय संथ.

हा संबंध प्रथम निरीक्षणातून सापडला. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये मॅगेलनचा छोटा मेघ या शेजारच्या दीर्घिकेतले २५ सेफिड तपासले. त्या मेघातले सगळे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. त्यामुळे तिथे एक तारा दुसऱ्यापेक्षा तेजस्वी दिसला, तर तो खरोखरच तेजस्वी असतो, म्हणजे दोन अज्ञातांपैकी एक आपोआप बाद झाला. त्यांना दिसले, की लय जितकी संथ तितका तारा तेजस्वी. आता जवळच्या काही सेफिडांचे अंतर भूमितीने कळले, की कुठल्याही सेफिडची लय मोजून त्याचे मूळ तेज आणि त्यावरून अंतर काढता येते. १९२३ मध्ये एडविन हबल यांनी माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने देवयानी तेजोमेघाच्या छायाचित्रात आधी नवतारा म्हणून खूण केलेला एक ठिपका सेफिड असल्याचे ओळखले. लय सुमारे ३१ दिवसांची. अंतर आले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. आकाशगंगेच्या पलीकडेही दीर्घिका आहेत की नाहीत, हा वाद तिथे संपला.

चूक झाली आणि पकडली गेली

पण देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. हबल यांचा आकडा इतका कमी का आला? सेफिडांचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि एकाच लयीला त्यांच्या तेजात साधारण चौपट फरक असतो, हे तेव्हा माहीत नव्हते. शिवाय ताऱ्यांमधली धूळ प्रकाश शोषून सगळेच हिशोब बिघडवते, हे रॉबर्ट ट्रम्पलर यांनी १९३० मध्ये दाखवले. धुळीवर उपाय आहे: ती निळा प्रकाश जास्त अडवते, म्हणून तारा नेहमीपेक्षा किती लालसर दिसतो यावरून धुळीचे प्रमाण काढता येते. अवरक्त प्रकाशात पाहिले तर तिचा त्रास आणखी कमी होतो.

सेफिडांची चूक कशी उघड झाली, ते अधिक बोलके आहे. वॉल्टर बाडे यांनी पालोमारच्या नव्या दोनशे इंची दुर्बिणीने देवयानीत आरआर लायरी नावाचे दुसऱ्या जातीचे स्पंदणारे तारे शोधले. हबल यांचे अंतर बरोबर असते, तर ते तारे दिसायलाच हवे होते. ते दिसले नाहीत. १९५२ मध्ये बाडे यांनी दीर्घिकांची अंतरे दुपटीने वाढवावी लागतील, असे जाहीर केले. भूगर्भशास्त्राकडूनही तक्रार होतीच. जुन्या अंतरांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढला, तर विश्वाचे वय दोनशे कोटी वर्षांच्या आसपास निघत होते आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने भरत होते.

मग विश्वास का ठेवावा?

एकदा दुपटीहून जास्त चूक झाली, तर आजचे आकडेही उद्या कोसळतील, असे कोणी म्हणेल. आक्षेप गंभीर आहे. त्याला उत्तर म्हणून कृत्तिकांकडे पाहावे. ताऱ्यांच्या रंग-तेजाच्या अभ्यासावरून त्यांचे अंतर सुमारे ४३० प्रकाशवर्षे धरले जात होते. हिप्पार्कसने पराशयावरून ३९० च्या आसपास सांगितले. उपग्रहाची भूमिती म्हणजे अंतिम शब्द, असे धरून गप्प बसणे सोपे होते. तसे झाले नाही, कारण तो आकडा खरा मानला तर तरुण ताऱ्यांच्या घडणीची समज चुकीची ठरत होती. २०१४ मध्ये पृथ्वीवर दूरदूर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींनी एकत्र मोजणी केली आणि सुमारे ४४० प्रकाशवर्षे हे उत्तर मिळाले. गाइयानेही तेच सांगितले. उपग्रह चुकला होता, आणि तो कितीही प्रतिष्ठित असला तरी त्याची चूक टिकली नाही.

सेफिडांचीही अशीच स्वतंत्र तपासणी झाली आहे. फेब्रुवारी १९८७ मध्ये मॅगेलनच्या मोठ्या मेघात एक अतिनवतारा, म्हणजे ताऱ्याचा प्रचंड स्फोट, दिसला. त्याच्याभोवती आधीच असलेले वायूचे कडे स्फोटाच्या प्रकाशाने उजळले. आपल्याला कड्याची जवळची कड आधी उजळलेली दिसली आणि लांबची नंतर. या विलंबावरून आणि कड्याच्या कलावरून त्याचा खरा आकार निघाला. हबल दुर्बिणीने त्याचा दिसणारा कोन दिला. दोन्ही जुळवल्यावर अंतर सुमारे १ लाख ६७ हजार प्रकाशवर्षे आले. त्याच मेघातले, एकमेकांना आळीपाळीने झाकणारे जोडतारे घेऊन ग्झेगोझ पिएत्शिन्स्की यांच्या गटाने २०१९ मध्ये सुमारे १ लाख ६२ हजार हा आकडा एक टक्का अचूकतेने दिला. दोन्ही मोजण्यांत सेफिडांचा आधार नाही, तरी उत्तरांत फरक तीनच टक्क्यांचा. पन्नास वर्षांपूर्वी अशी जवळीक स्वप्नवत होती.

आज वाद आहे तो याहून बारीक फरकाचा. सेफिड आणि अतिनवताऱ्यांवरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग दर मेगापार्सेकला (दहा लाख पार्सेकला) सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो. विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या प्रारणावरून तो ६७ ते ६८ येतो. मोजणीत दडलेली चूक आहे की भौतिकीत काही नवे आहे, यावर अजून एकमत नाही. सेफिडांचा पाया आणखी पक्का करणारे पराशय गाइयाकडून अपेक्षित आहेत. त्या यानाने जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षण थांबवले, पण अकरा वर्षांत जमवलेल्या माहितीचे संपूर्ण विश्लेषण अजून प्रसिद्ध व्हायचे आहे.